तीन काचांमधला माणूस

एका परिचित आकृतीचे परीक्षण

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, चित्रपटांचेही होते. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. वास्तविक धडा विसरला जातो आणि त्यातली आकृती वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर राहते. तिने बरोबर काही शिकवले असेल तर ते टिकते, चुकीचे शिकवले असेल तर तेही तितकेच टिकते. म्हणून या वेळी आम्ही एक आकृतीच परीक्षणाला घेतली आहे.

शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत, क्रीडाशास्त्राच्या मार्गदर्शकांत आणि व्यायामशाळांच्या भिंतींवर ही आकृती हमखास आढळते. एक माणूस ताठ उभा आहे. हात बाजूला सोडलेले, तळवे समोर वळवलेले. त्याच्या शरीरातून काचेची तीन मोठी तावदाने आरपार गेलेली आहेत. एक तावदान त्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग करते. दुसरे पुढचा आणि मागचा असे भाग करते. तिसरे कमरेपाशी आडवे जाऊन वरचा आणि खालचा भाग वेगळा करते. गणिताच्या भाषेत ही तीन परस्परलंब प्रतले. शास्त्रीय नावे अनुक्रमे सॅजिटल, फ्रंटल आणि ट्रान्सव्हर्स. सॅजिटल हा शब्द बाण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. नावे अवघड वाटली तर मुलांना ‘पुढे-मागे’, ‘डावे-उजवे’ आणि ‘वळण्याचे’ प्रतल अशी सांगावीत. या लेखातही आम्ही तीच वापरणार आहोत.

आकृतीच्या खाली बहुधा एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात व्यायामाचे नाव, उजव्या रकान्यात प्रतलाचे. बैठका – पुढे-मागे. दोन्ही हात बाजूने वर नेणे – डावे-उजवे. कमरेत वळणे – वळण्याचे. मुले हा तक्ता पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवतात.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. आकृती चांगली आहे; तिच्याखालचा तक्ता वाईट आहे. आणि हा केवळ परीक्षेचा प्रश्न नाही. मुलांना शाळेत कोणता व्यायाम द्यायचा, कोणता ‘पुरेसा’ मानायचा, हे ठरवताना असेच तक्ते मनात असतात.

आकृतीचा गुण

आधी आकृतीला तिचे श्रेय देऊ. हालचाल डोळ्यांसमोरून झरकन निघून जाते, तिला धरून ठेवायला शब्द लागतात. ‘हात असा असा फिरवला’ म्हणून भागत नाही. तीन प्रतले हे शब्द पुरवतात.

घरातल्या तीन वस्तू आठवा. सायकलवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने सायकलचे चाक पुढे-मागे प्रतलात फिरते. चाकाचा आस डावीकडून उजवीकडे गेलेला असतो. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचे काटे आपल्या दृष्टीने डावे-उजवे प्रतलात फिरतात. त्यांचा आस आपल्याकडून भिंतीकडे जातो. आणि जाते वळण्याच्या प्रतलात फिरते. त्याचा आस म्हणजे उभा खुंटा. प्रत्येक प्रतलाला त्याच्याशी काटकोनात असलेला एक आस असतो, एवढे लक्षात आले की निम्मे काम झाले.

आता शरीर पहा. बैठक मारताना घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे सायकलच्या चाकासारखे वागतात. हात बाजूने वर नेला की तो घड्याळाचा काटा होतो. उभ्याउभ्या मागे वळून पाहिले की पाठीचा कणा जात्याचा खुंटा होतो.

या भाषेचा खरा उपयोग नावे ठेवण्यासाठी नाही. ‘काय राहून गेले?’ असे विचारण्यासाठी आहे. अन्नाच्या बाबतीत आपण पिष्टमय पदार्थ, प्रथिने, जीवनसत्त्वे असे गट करतो. त्यामुळे ताटात काय कमी आहे हे चटकन कळते. तसाच प्रश्न व्यायामाला विचारता येतो. हा प्रश्न आपल्या सर्वांना जवळच्या असलेल्या एका व्यायामाला विचारून पाहू.

सूर्यनमस्काराची परीक्षा

सूर्यनमस्काराला आपल्याकडे ‘सर्वांगसुंदर व्यायाम’ म्हणतात. आज तो ज्या रूपात शाळाशाळांतून दिसतो, त्याच्या प्रसारात औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले, स्वतः आयुष्यभर घातले आणि त्यावर लिहिले. १९३८ साली त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. साधनांवाचून, थोड्या जागेत, थोड्या वेळात, मुलामुलींना सारखाच करता येईल असा व्यायाम शाळेत नेणे ही त्या काळातील मोठीच गोष्ट होती. ती आजही मोठी आहे.

पण तीन काचा समोर ठेवा आणि एक नमस्कार सावकाश घाला. हात वर नेऊन मागे झुकणे – पुढे-मागे. खाली वाकून हात टेकणे – पुढे-मागे. एक पाय मागे नेणे, दुसरा नेणे, कोपरे वाकवून छाती जमिनीला लावणे, छाती उचलणे, कंबर उंच करणे, पाय पुन्हा पुढे आणणे – सर्व काही पुढे-मागे. एका नमस्कारात कणा एकदाही कुशीवर वाकत नाही. तो एकदाही पिळला जात नाही. नमस्कार घालणाऱ्याला बाजूने पाहिले तर जवळजवळ सर्व काही दिसते. समोरून पाहिले तर फारसे काही दिसत नाही. वर्गात एका विद्यार्थ्याला नमस्कार घालायला सांगून दुसऱ्या दोघांना दोन बाजूंनी काय दिसले ते लिहायला लावा. दोघांच्या वह्यांतला फरक बोलका असतो.

म्हणजे काचांच्या कसोटीवर ‘सर्वांगसुंदर’ यातला ‘सर्वांग’ हा भाग पुरा उतरत नाही. त्रिकोणासनात शरीर कुशीवर झुकते, वक्रासनात आणि अर्धमत्स्येंद्रासनात कणा वळतो. नमस्कारांच्या जोडीला अशी आसने घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि आकृतीच्या दृष्टीने ती योग्य ठरते.

येथपर्यंत आकृती जिंकली. पण याच ठिकाणी पुष्कळ लोक थांबतात आणि म्हणतात, ‘तर मग प्रत्येक प्रतलातला एकेक व्यायाम घ्या, झाले पूर्ण!’ अलीकडे व्यायामशाळांतून हा सल्ला उत्साहाने दिला जातो. या सल्ल्याला आमचा आक्षेप आहे. तो समजण्यासाठी आकृतीचे तीन दोष पाहावे लागतील.

पहिला दोष : माणूस कायमचा उभा आहे

आकृतीतला माणूस कधी झोपत नाही, वाकत नाही, खांबावर उलटा लटकत नाही. त्यामुळे एक गोंधळ होतो. काचा शरीराला जोडलेल्या आहेत की जमिनीला?

शरीरशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे : शरीराला. माणूस वळला की काचाही त्याच्याबरोबर वळतात. मराठीत आपण ट्रान्सव्हर्स प्रतलाला ‘आडवे प्रतल’ म्हणतो, तेव्हा मात्र भाषाच आपल्याला फसवते. मुलगा उताणा झोपला की हे ‘आडवे’ प्रतल उभे होते! मल्लखांबावर उलटे लटकलेल्या मुलाने कमरेत वळण घेतले, तरी ती हालचाल वळण्याच्या प्रतलातलीच. म्हणूनच आम्ही आडवे-उभे हे शब्द टाळले.

काचा शरीराबरोबर फिरतात; गुरुत्वाकर्षण मात्र फिरत नाही. ते नेहमी जमिनीकडेच ओढते. ही साधी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

दुसरा दोष : सांधे काचेला बांधलेले नाहीत

काचा माणसाने कल्पिलेल्या आहेत. सांधे उत्क्रांतीने घडवलेले आहेत. दोघांचे जुळलेच पाहिजे असा काही नियम नाही.

दोन्ही हात अगदी बाजूने, काचेला चिकटून वर न्या. आता तेच हात थोडे पुढच्या बाजूला ठेवून, एखादी मोठी कणगी कवेत घेत असल्यासारखे, वर न्या. दुसरी हालचाल सहज वाटते. कारण पाठीवरचे खांद्याचे पाते सपाट मागे नसते. ते डावे-उजवे प्रतलापासून सुमारे ३० ते ४० अंश पुढे कललेले असते. खांद्याची सोयीची पातळी कोणत्याही काचेत बसत नाही, ती दोन काचांच्या मधोमध आहे.

पाऊल तर याहून बंडखोर. अनवाणी उभे राहा. पाऊल जमिनीवरून न उचलता नडगी बाहेरच्या दिशेने वळवण्याचा प्रयत्न करा. पावलाची आतली कमान वर उचलली जाते. आत वळवा, कमान खाली बसते. वळवली नडगी आणि हलली कमान! घोट्याखालच्या सांध्याचा आस तिरपा असतो. तो जमिनीपासून सुमारे ४२ अंश वर चढलेला आणि थोडा आतल्या बाजूला वळलेला असतो. त्यामुळे या सांध्यातली प्रत्येक हालचाल एकाच वेळी तिन्ही प्रतलांत होते. ‘हा सांधा कोणत्या प्रतलात हलतो?’ या प्रश्नाला तक्त्यातल्या एका रकान्यात मावणारे उत्तर नाही.

यापुढचा प्रयोग आम्हाला विशेष आवडतो. सर्व वर्गाला उभे करून घ्यावा.

उजवा हात सरळ खाली सोडा. तळवा मांडीकडे, अंगठा समोर. आता हात कोपरात किंवा मनगटात न वाकवता आणि कोठेही न पिळता तीन गोष्टी करा. एक : हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. दोन : त्याच उंचीवर ठेवून उजवीकडे न्या. तीन : बाजूने खाली आणा. हात मूळ जागी आला. अंगठा कोठे आहे? तो आता बाहेर, उजवीकडे पाहतो आहे आणि तळवा समोर वळला आहे. हात एकदाही पिळला नाही, तरी काटकोनात वळला!

आता उलट क्रमाने करा. पुन्हा तळवा मांडीकडे ठेवून सुरुवात. हात प्रथम बाजूने उचला, मग त्याच उंचीवर समोर आणा, मग खाली सोडा. या वेळी तळवा मागे वळलेला असेल. तीन प्रतलांतल्या तीन हालचाली त्याच. क्रम उलटा केला आणि एकदा तळवा पुढे, एकदा मागे!

अमेरिकेतील बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात खांद्याच्या अशाच कोड्याची चर्चा केली होती. ते आजही ‘कॉडमनचा विरोधाभास’ म्हणून ओळखले जाते. त्यामागचे गणित असे. ३ अधिक ५ आणि ५ अधिक ३ यांचे उत्तर एकच येते, पण अवकाशातल्या फिरवण्यांची अशी बेरीज होत नाही. तेथे क्रम महत्त्वाचा असतो. म्हणून एखादी गुंतागुंतीची हालचाल ‘इतकी या प्रतलात, इतकी त्या प्रतलात’ अशी वाटून दिली आणि क्रम सांगितला नाही, तर ती सांगितलीच गेली नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सदिशांच्या धड्यानंतर हा प्रयोग दाखवला, तर गणित आणि शरीर यांची गाठ आपोआप पडेल.

तिसरा दोष : हालचाल दिसते, भार दिसत नाही

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. काच फक्त हालचाल दाखवते. स्नायू कोणत्या दिशेने राबत आहेत हे ती दाखवत नाही. आणि व्यायामात आपल्याला हवे असते ते तर स्नायूंचे राबणे.

चालण्याचेच उदाहरण घ्या. तक्त्यात चालणे ‘पुढे-मागे’ या रकान्यात असते. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी काळा पोशाख घातलेल्या माणसाच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावून चालण्याची छायाचित्रे घेतली, तीही बाजूने. बाजूने पाहिले की चालणे छान दिसते, कारण मोठे कोन तेथेच आहेत. एका पावलात गुडघा सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो. त्या मानाने कंबर प्रत्येक बाजूला सुमारे ४ अंश वळते, आणि अधांतरी पायाच्या बाजूला सुमारे ५ अंश झुकते. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म ब्राउन आणि ओटो फिशर यांनी चालणाऱ्या माणसाच्या शरीरावर प्रकाशनळ्या बांधून, अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रे घेऊन, त्याच्या अवयवांची स्थाने तिन्ही दिशांत मोजली. ब्राउन १८९२ मध्ये वारले. फिशर यांनी ते काम पुढे नेले आणि १८९५ पासून ते क्रमाक्रमाने प्रसिद्ध केले. केवळ बाजूचे चित्र पुरेसे नाही, हे त्यांना एका शतकापूर्वीच जाणवले होते.

६० अंशांपुढे ५ अंश म्हणजे किरकोळ, असे वाटेल. हिशेब करून पाहू.

चालताना प्रत्येक पावलागणिक काही काळ आपण एकाच पायावर असतो. ४० किलोग्रॅम वजनाचा एक विद्यार्थी उजव्या पायावर उभा आहे असे समजा. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण एक षष्ठांश असते. तेव्हा उजव्या खुब्यावर उरलेल्या शरीराचा म्हणजे सुमारे ३३ किलोग्रॅमचा भार आहे. हा भार खुब्याच्या बरोबर वर नाही. तो शरीराच्या मध्याकडे, म्हणजे डावीकडे आहे. त्यामुळे कंबर डावीकडे कोसळायला हवी. ती कोसळत नाही, कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूला असलेले स्नायू तिला उजवीकडून खाली ओढून धरतात. हा एक सी-सॉ आहे. मधला टेकू म्हणजे खुब्याचा सांधा. एका बाजूला शरीराचा भार, दुसऱ्या बाजूला स्नायूची ओढ. टेकूपासून भाराचे अंतर स्नायूच्या अंतराच्या साधारण दुप्पट असते. म्हणून स्नायूला ३३ च्या दुप्पट, म्हणजे सुमारे ६६ किलोग्रॅम-भाराइतकी ओढ लावावी लागते. आणि टेकूवर, म्हणजे सांध्यावर, दोन्ही मिळून सुमारे ९९, जवळजवळ १०० किलोग्रॅमचा दाब येतो. शरीराच्या वजनाच्या अडीच पट! खुब्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यांत मापक ठेवून चालताना प्रत्यक्ष मोजलेला दाबही याच्याच आसपास भरतो.

हा सर्व खटाटोप डावे-उजवे प्रतलातला आहे. हालचाल पाच अंशांची, ओढ ६६ किलोग्रॅमची. किंबहुना हालचाल होऊ नये म्हणूनच ही ओढ आहे. स्नायू दुबळा असला की कंबर एका बाजूला पडते आणि चाल लचकते; म्हणजे हालचाल जास्त दिसते तेव्हा काम कमी झालेले असते. तक्त्याला हे उमगण्याचा मार्गच नाही.

लंगडी हा आपला खेळ घ्या. मूल एका पायावर उड्या मारत पुढे जाते, म्हणून तक्ता तिला पुढे-मागे प्रतलात टाकील. पण वरचा हिशेब सांगतो की लंगडी हा खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंचा अव्वल व्यायाम आहे, कारण त्यात दुसरा पाय मदतीला येतच नाही. एका हातात पाण्याची बादली घेऊन चालणारी मुलगी कुशीवर वाकत नाही; पण दुसऱ्या कुशीचे स्नायू तिला वाकू न देण्यासाठी झटत असतात.

आता उलट उदाहरण, ज्यात हालचाल दिसते पण त्या दिशेने भार नसतो. हातांत वजन धरून ताठ उभे राहायचे आणि कमरेत डावीकडे-उजवीकडे वळायचे, हा व्यायाम ‘वळण्याच्या प्रतलाचा’ म्हणून सांगितला जातो. वजन खाली ओढते आणि कण्याचा आसही उभाच. आसाला समांतर असलेले बल त्या आसाभोवती काहीही फिरवू शकत नाही. दाराच्या बिजागरीला समांतर, वरून खाली कितीही जोर लावला तरी दार उघडत नाही, तसेच हे. वळायला सुरुवात करताना आणि थांबताना जडत्वामुळे थोडे श्रम पडतात, तेवढेच. पुढे धरलेले वजन खरा भार टाकते तो पाठीच्या स्नायूंवर, म्हणजे पुढे-मागे प्रतलात.

हेच वळण उताणे झोपून करा. हात बाजूला पसरा, गुडघे वाकवून पोटावर आणा आणि दोन्ही गुडघे जोडून सावकाश डावीकडे, मग उजवीकडे न्या. आता आस जमिनीला समांतर झाला आहे आणि पायांचे वजन त्याच्याभोवती फिरवू पाहते आहे. पोटाच्या तिरप्या स्नायूंना ते लगेच जाणवते. प्रतल तेच, हालचाल तीच, काम मात्र निराळे. पहिल्या दोषात नोंदवलेली गोष्ट येथे उपयोगी पडली : काचा शरीराबरोबर वळल्या, गुरुत्वाकर्षण वळले नाही.

मैदानावर काय घडते

हा वाद पुस्तकी राहत नाही, कारण मुलांचे गुडघे खरे असतात. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू एका पायावर जोर देऊन एकदम दिशा बदलतो. खो-खोत साखळी खेळताना मूल दर दोन पावलांना वळते. गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटण्याची दुखापत पुष्कळदा अशाच क्षणी होते, दिशा बदलताना किंवा उडीनंतर एका पायावर उतरताना. त्या वेळी गुडघा थोडा वाकलेला असतो, आत ढळतो आणि पिळलाही जातो. तिन्ही प्रतले एकाच क्षणात. नुसत्या बैठका काढून तयार केलेल्या पायाला या प्रसंगाची सवय नसते.

नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेला एक प्रयोग २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने सरावाआधी सुमारे २० मिनिटांचा विशेष कार्यक्रम केला. त्यात धावणे, ताकदीचे व्यायाम, एका पायावर तोल, पुढे आणि बाजूला उड्या, धावता धावता दिशा बदलणे हे सर्व होते. दुसऱ्या गटाने नेहमीचाच सराव केला. पहिल्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती त्याहून अधिक प्रमाणात घटल्या. संशोधकांनी मुख्य मोजमाप म्हणून ठरवलेल्या पायाच्या दुखापतींतली घट मात्र निर्विवाद म्हणण्याइतकी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. शिवाय या कार्यक्रमात प्रतलांबरोबर ताकद, तोल आणि उतरण्याची योग्य पद्धत हे सर्व एकत्र होते. म्हणून ‘तीन प्रतलांमुळे दुखापती टळल्या’ असे म्हणणे घाईचे होईल. ‘विविध दिशांनी येणाऱ्या भाराची सवय लावल्याने फायदा दिसला’ एवढे म्हणता येईल, आणि शिक्षकाला तेवढे पुरेसे आहे.

आता सूर्यनमस्काराकडे पुन्हा पाहू, या वेळी भाराच्या दृष्टीने. एक पाय मागे नेण्याच्या स्थितीत कंबर एका बाजूला झुकू नये, वळू नये म्हणून खुब्याचे आणि पोटाचे स्नायू काम करतातच. म्हणजे काचांतून दिसतो तितका नमस्कार एकांगी नाही. पण त्यात एका पायावर उडी नाही, उतरणे नाही, कुशीचा भार नाही, पीळ नाही. तेव्हा न्याय असा : नमस्कार हा उत्तम व्यायाम आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. ‘एवढे केले की बाकी काही नको’ असे मुलांना सांगणे चूक आहे. तसेच तीन प्रतलांचे तीन व्यायाम उरकून ‘पूर्ण झाले’ म्हणणेही चूक आहे. दोन्ही ठिकाणी नावाला काम समजण्याची तीच गफलत आहे.

एक प्रमाणही सांभाळावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल सुचवली आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचाली. या शिफारशीत प्रतलांचे नावही नाही. ज्या शाळेत खेळाचा तास गणिताच्या उजळणीत जातो, तेथे पहिला प्रश्न कोणत्या प्रतलाचा, हा नसून तासाचाच आहे.

मग वर्गात काय करावे?

आकृती ठेवावी. तक्ता काढून टाकावा आणि त्याच्या जागी तीन प्रश्न लिहावेत.

१) हालचाल कोणत्या प्रतलात दिसते? (समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून पहा.)

२) भार शरीराला कोणत्या दिशेने वाकवू किंवा वळवू पाहतो? (वजन कोठे आहे, टेकू कोठे आहे, माणूस उभा आहे की आडवा?)

३) कोणती हालचाल होऊ नये म्हणून स्नायू राबत आहेत?

पहिल्या प्रश्नाला डोळे पुरतात. दुसऱ्याला आठवी-नववीची तरफ लागते. तिसऱ्याला विचार लागतो, आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते. विज्ञानाच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी मिळून वर्षातून दोन तास जरी यासाठी काढले, तरी दोघांच्याही विषयांना फायदा आहे. साहित्य म्हणून एक दोरी, एक पाण्याची बादली आणि मोकळी जागा एवढे पुरे. बादली आधी दोन्ही हातांनी समोर धरून, मग एका हातात बाजूला धरून चालायला लावा आणि शरीराचा कोणता भाग थकला ते विचारा. उत्तरे फळ्यावर लिहा. प्रतलांचा धडा त्यातूनच तयार होईल.

वर्षभराच्या नियोजनात नमस्कारांबरोबर लंगडी, खो-खो, बाजूला उड्या, त्रिकोणासन, उताणे झोपून घेतलेले वळण असे काही ना काही असावे. यांतले बरेचसे आपल्या अंगणात पूर्वीपासून आहे. ‘हा तर नुसता खेळ’ म्हणून आपण ते तासातून बाहेर काढले असेल, तर परत आणावे.

आणि परीक्षेत प्रश्न विचारायचाच असेल तर ‘लंगडी कोणत्या प्रतलातील हालचाल आहे?’ असा विचारू नये. ‘लंगडी घालताना खुब्याच्या बाहेरची बाजू का दुखते? आकृती काढून समजावून द्या,’ असा विचारावा. त्याचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. ज्याने लंगडी घातली आहे, त्यालाच ते देता येईल.